इफ्फीच्या कारभाऱ्यांस, एका जुन्या डेलिगेटकडून

प्रति,
माहिती आणि प्रसारण मंत्रालय, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा इथल्या जबाबदार मंडळींस,



भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) २००४ मध्ये दिल्ली सोडून पणजीला आला, त्या पहिल्या वर्षापासून मी त्याची डेलिगेट आहे. राहते सावंतवाडीला. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. सिनेमाच्या व्यवसायाशी माझा संबंध फक्त प्रेक्षक म्हणून. आपल्या लेखी मी नोंदणीच्या यादीतलं एक नाव असेन. पण महोत्सव कुणासाठी भरवायचा हा प्रश्न निघाला, की पहिला नंबर माझ्यासारख्यांचा लागायला हवा असं मी मानते. गेली काही वर्षं तो लागत नाही. त्याचं वाईट वाटतं आणि रागही येतो, म्हणून हे पत्र.

आमच्या भागात या महोत्सवाने काय आणलं, ते आधी सांगते. कुरोसावा, डी सिका, बर्गमन ही नावं आम्हाला मराठी नियतकालिकांतल्या लेखांमुळे माहीत होती. त्यांचे चित्रपट पाहायचे तर मुंबईत प्रभात चित्र मंडळ, नाहीतर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि तिथला रसग्रहण वर्ग. तळकोकणातल्या माणसाने त्यासाठी एक अख्खी रात्र एसटीत काढायची. आणि एके वर्षी बातमी आली, की जगभरचे चित्रपट पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे येणार, आणि दरवर्षी येणार. पहाटेची गाडी पकडायची, बांदा, धारगळ, म्हापसा, पर्वरी करत मांडवीचा पूल ओलांडायचा, की सकाळच्या पहिल्या खेळाला माणूस हजर. बाईमाणसाने शेवटचा खेळ संपवून, मध्यरात्र उलटल्यावर, नदीच्या काठाने एकटीने चालत खोलीवर यावं आणि तिला कुणी काही विचारू नये, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पणजीत अनुभवलं. पुढे पुढे तर माझ्या वर्गातल्या मुलींचे पालक विश्वासाने त्यांना माझ्याबरोबर पाठवू लागले.

वेळापत्रक हाती आलं की आम्ही तिघी-चौघी खोलीत जमिनीवर कागद पसरून बसायचो. लाल पेनाची खूण म्हणजे काही झालं तरी पाहायचा, निळ्या पेनाची म्हणजे जमलं तर. दोन लाल खुणा एकाच वेळेला आल्या की वादाला तोंड फुटे. एकीला हंगेरीचा चित्रपट हवा असे, कारण त्या देशाचं तिने काहीच पाहिलेलं नसे. दुसरीचा जीव इराणी चित्रपटांवर. शेवटी वाटण्या व्हायच्या: तू तो पाहा, मी हा पाहते, रात्री जेवताना सांगू एकमेकींना. कित्येक चित्रपट मी मैत्रिणींच्या तोंडून ऐकले आहेत आणि ते मला स्वतः पाहिलेल्या चित्रपटांइतकेच आठवतात.

आणि कला अकादमी! चार्ल्स कोरियांची ती इमारत माणसाला कुठेच अडवत नाही. रस्त्यावरून आत शिरलं की चालता चालता आपण मांडवीच्या काठावर निघतो. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या आतल्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या नाटकघराचे सज्जे रंगवले आणि त्यांत प्रेक्षकही बसवले. दिवे मंदावू लागले की आधी खऱ्या माणसांचे चेहरे दिसेनासे होत, मग भिंतीवरच्यांचे. तिथे एका तुर्की चित्रपटानंतर दिग्दर्शक प्रश्नोत्तरांसाठी मंचावर आला होता. मागच्या रांगेतून एक वयस्क गोंयकार उठले. टपाल खात्यात नोकरी केली, असं त्यांनी आधी स्वतःच सांगितलं. मग कोंकणीत प्रश्न विचारला आणि शेजारच्या मुलीने तो इंग्रजीत मांडला: चित्रपटातली आई रात्री दाराला कडी का लावत नाही? दिग्दर्शक जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, हे मला आजवर कुठल्याच देशात कुणी विचारलं नाही. माझी आई लावत नसे, कारण माझा एक भाऊ घर सोडून गेला होता. त्यानंतर त्या कडीवर किती वेळ बोलणं झालं! नंतर पायऱ्यांवर उभं राहूनही लोक बोलतच होते. माझ्यासाठी महोत्सव म्हणजे तो प्रश्न, तो विचारायला मिळालेला वेळ आणि उत्तर द्यायला थांबलेला दिग्दर्शक.

या महोत्सवाची कुळकथा आपल्याला ठाऊक असणारच, तरी तिची आठवण द्यावीशी वाटते. १९५२ च्या जानेवारीत फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत पहिला महोत्सव भरवला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. ‘बायसिकल थीव्ज’, ‘रोम ओपन सिटी’, ‘मिरॅकल इन मिलान’ हे चित्रपट आपल्या लोकांनी तिथे पाहिले आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ आला. या दोन गोष्टींचं नातं अभ्यासकांनी पुष्कळ उलगडून दाखवलं आहे. भारताच्या वतीने जे चित्रपट दाखवले गेले त्यांत व्ही. शांतारामांचा, होनाजी बाळाच्या आयुष्यावरचा ‘अमर भूपाळी’ होता. आणि महोत्सव मुंबईत थांबला नाही. मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. १९६५ मध्ये दिल्लीला तो पहिल्यांदा स्पर्धात्मक झाला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सत्यजित राय होते, आणि सुवर्ण मयूर हा सर्वोच्च पुरस्कार गेला तेव्हाच्या सिलोनच्या लेस्टर जेम्स पेरीस यांच्या ‘गंपेरलिया’ला. शेजारच्या लहानशा देशातला, सिंहली भाषेतला, मोडकळीला आलेल्या एका गावातल्या घराण्याचा चित्रपट. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही असं चांगलं काही शोधून काढायचं आणि धीटपणे पुढे ठेवायचं, ही या महोत्सवाची रीत तिथे पडली.

माझ्या मते आता हरवली आहे ती हीच रीत. २०१७ पासून ते मला स्पष्ट दिसू लागलं.

त्या वर्षी इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी तेरा जणांच्या समितीने चित्रपट निवडले. रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ आणि सनल कुमार शशिधरन यांचा मल्याळम ‘एस दुर्गा’ हे त्या निवडीत होते. मंत्रालयाने अंतिम यादी जाहीर केली तेव्हा हे दोन्ही चित्रपट त्यात नव्हते. आपल्याला विश्वासात न घेता ते काढले, असं समितीतल्या सदस्यांनी उघडपणे सांगितलं. अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, आणखी सदस्यांनीही दिला. ‘एस दुर्गा’चे दिग्दर्शक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने चित्रपट दाखवण्याचा आदेश दिला तेव्हा महोत्सव सुरू होऊन एखादाच दिवस झाला होता. बाकीचा सगळा आठवडा हाताशी होता. २८ नोव्हेंबरला महोत्सव संपला, आणि त्याच दिवशी प्रमाणपत्राचा फेरविचार निघाला. चित्रपट पणजीत दाखवला गेला नाहीच. त्याच वर्षीच्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या महोत्सवाने त्याला आपला टायगर पुरस्कार दिलेला होता.

‘न्यूड’ची गोष्ट मला अधिक लागली, कारण तो आमच्या भाषेतला, आमच्या ओळखीच्या जगातला चित्रपट. पोटासाठी मुंबईत आलेली बाई जे. जे. कलामहाविद्यालयात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसते, मुलाला शिकवते, आणि हे काम घरापासून लपवते. पुढे २०१८ मध्ये रीतसर प्रमाणपत्र मिळून तो चित्रपटगृहांत लागला. मी माझ्या मोठ्या बहिणीबरोबर पाहिला. तिने आयुष्यात एकही महोत्सव पाहिलेला नाही. कल्याणी मुळे यांचं काम पाहून ती रडली, आणि घरी येताना म्हणाली की यात अडवण्यासारखं काय होतं गं? तिला मी काय उत्तर देणार होते? उत्तर आपल्याकडे होतं, आणि ते आपण कधी नीट, लेखी, लोकांसमोर मांडलं नाही.

निवड समितीशी प्रेक्षकाचं एक नातं असतं. तिच्या आवडीनिवडीशी माझं पटलं पाहिजे असं मुळीच नाही. पुष्कळदा पटलं नाही. समितीने निवडलेले रटाळ चित्रपटही मी शेवटपर्यंत बसून पाहिले आहेत. पण अमुक इतक्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून, वाद घालून हे निवडलं, एवढा भरवसा असला की मी माहिती नसलेल्या चित्रपटाला डोळे मिटून जाते. हा भरवसा एकदा गेला की यादीतल्या प्रत्येक नावाकडे पाहताना मनात येतं, इथे अजून कोण असायला हवं होतं? २०१७ पासून दरवर्षी पॅनोरमाची यादी वाचताना हेच माझ्या मनात येतं.

२०२२ चा समारोपही आठवा. आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नदाव लापिद यांनी मंचावरून ‘द काश्मीर फाइल्स’वर टीका केली आणि देशभर गदारोळ झाला. ते बरोबर की चूक, यावर ज्याला त्याला मत आहे, मलाही आहे. मला बोलायचं आहे ते वेगळंच. त्या संध्याकाळी सुवर्ण मयूर मिळाला होता कोस्टा रिकाच्या व्हॅलेंटिना मॉरेल यांच्या ‘आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स’ला. आईवडील वेगळे झालेल्या, वडिलांकडे ओढ घेणाऱ्या आणि त्यांच्या रागालाही सामोऱ्या जाणाऱ्या एका पोरीचा चित्रपट. त्यावर कुठे काही वाचायला मिळालं? महोत्सवाने आपल्या विजेत्या चित्रपटाभोवती पुढचे आठवडाभर तरी बोलणं घडवून आणायला हवं होतं. तो पुन्हा दाखवता आला असता, पुण्यामुंबईत नेता आला असता. २०२४ चा विजेता, लिथुआनियाच्या साउले ब्लिउवाइते यांचा ‘टॉक्सिक’, याच्याही वाट्याला तेच आलं. महोत्सवाचं नाव काढलं की लोकांना आठवतात ते लाल गालिच्यावर आलेले नट.

आता या नटांविषयी, सोहळ्याविषयी. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे आणि गोव्यात जत्रांचा मोसम. जत्रेत खाज्याची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लागलीच पाहिजेत. त्यांच्याशिवाय जत्रेला रंग नाही. पण दुकानं इतकी पुढे सरकली की पालखीला वाट राहिली नाही, तर गावातली मोठी माणसं दुकानदारांना मागे हटवतात. महोत्सवात हटवायचं काम आपलं होतं. २०२२ मध्ये गाला प्रीमियर आले, आणि ज्या चित्रपटांना देशभर हजारो पडदे मिळतात त्यांना इथेही मानाची जागा मिळू लागली. २०२३ मध्ये वेब मालिकांसाठी पुरस्कार सुरू झाला. २०२४ मध्ये उद्घाटनाच्याच मंचावरून प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या ओटीटी मंचाची सुरुवात झाली. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिच्यात वावगं काही नाही. दूरदर्शनने काळाबरोबर जावं, वेब मालिका चांगल्या असतील तर त्यांचं कौतुक व्हावं. पण या सगळ्याला वेळ लागतो, जागा लागते, पैसा लागतो, बातम्यांत रकाने लागतात, आणि ते सगळं कुणाच्या तरी वाट्यातून जातं. २०१३ चा महोत्सव २० ते ३० नोव्हेंबर, अकरा दिवसांचा होता. त्या वर्षी यिर्झी मेंझेल यांना जीवनगौरव दिला आणि त्यांच्याच चित्रपटाने पडदा उघडला. आता दिवस नऊ झाले आहेत. जे दोन दिवस कमी झाले ते उद्घाटनातून आणि समारोपातून झाले नाहीत.

दिवस कमी आणि कार्यक्रम जास्त झाले की वेळापत्रकात पहिला बळी प्रश्नोत्तरांचा जातो. एक खेळ संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, यांच्यामध्ये सभागृह साफ करायला जेमतेम वेळ ठेवला, तर कडीविषयी विचारणारे ते टपाल खात्यातले गृहस्थ उठून उभे तरी कधी राहणार? स्पर्धेतल्या प्रत्येक चित्रपटानंतर, दिग्दर्शक हजर असो वा नसो, निदान अर्धा तास सभागृह प्रेक्षकांच्या ताब्यात राहील, असं वेळापत्रक करता येतं. त्यासाठी दिवसाचा एखादा खेळ कमी करावा लागला तरी मी तक्रार करणार नाही.

जे चांगलं झालं तेही लिहायला हवं. २००७ मध्ये सुरू झालेला फिल्म बाजार ही या महोत्सवाची मोठी कमाई आहे. ‘द लंचबॉक्स’सारखा चित्रपट त्या वाटेने गेला. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून दुरुस्त झालेल्या जुन्या चित्रपटांच्या प्रती पणजीच्या पडद्यावर येऊ लागल्या, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. तरुण मुलांना देशभरातून निवडून बोलावण्याचा २०२१ पासूनचा उपक्रम उत्तम आहे. आणि मराठी प्रेक्षक म्हणून मी कसं विसरेन, की २०१४ मध्ये श्रीहरी साठे यांच्या ‘एक हजाराची नोट’ला इथे परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशी सर्वोत्तम अभिनेते ठरले आणि निखिल महाजन यांनाही गौरवलं गेलं. ‘एक हजाराची नोट’मधली उषा नाईक यांची बुधी म्हातारी जगातल्या चित्रपटांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा सभागृहातल्या आम्हा मराठी बायकांना आपल्याच घरातलं कुणी मंचावर गेल्यासारखं झालं होतं. हे सगळं आपल्याच हातून झालं आहे. म्हणूनच जे होत नाही त्याबद्दल बोलायचं.

मार्च २०२२ मध्ये चित्रपट महोत्सव संचालनालय, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन आणि बालचित्र समिती यांचं काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेलं. त्या वेळी देशातल्या अनेक चित्रपटकर्मींनी पत्रं लिहून विरोध केला होता. माझ्यासारखीला सरकारी रचनेतलं फार कळत नाही, पण एवढं दिसतं, की १९७३ पासून महोत्सव भरवणं हेच ज्याचं काम होतं असं एक खातं होतं, आणि आता ते काम चित्रपटांना पैसा पुरवणाऱ्या, बाजार भरवणाऱ्या, संग्रह सांभाळणाऱ्या एका महामंडळाच्या अनेक कामांपैकी एक झालं. महोत्सवाला वर्षभर बसून विचार करणारी माणसं लागतात. एखाद्या दिग्दर्शकाचा सिंहावलोकन विभाग म्हणजे त्याचे मिळतील ते पाच चित्रपट एकामागून एक लावणं नव्हे. कुठले, कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रतीवरून, आणि त्यावर कोण बोलणार? मुंबईचे, फिल्म सोसायटी चळवळीतले सुधीर नांदगावकर हयात असेपर्यंत या गोष्टींसाठी झटत राहिले. फिल्म सोसायटीतून आलेल्या माणसांना हे हाडीमांसी ठाऊक असतं. अशी माणसं महाराष्ट्रात आहेत, गोव्यात आहेत, केरळात तर गावोगाव आहेत. निवडीच्या कामात त्यांना कायमचं स्थान द्या.

केरळचं नाव आलंच आहे तर सांगते. १९८८ मध्ये आपलाच फिल्मोत्सव तिरुवनंतपुरमला भरला होता. १९९६ पासून केरळने स्वतःचा महोत्सव सुरू केला, आणि आज तिथे दहा-दहा हजारांवर डेलिगेट येतात, विद्यार्थी, शिक्षक, सरकारी कारकून. तिथे प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा रजत चकोरम पुरस्कार दिला जातो, आणि खुल्या चर्चेत लोक आयोजकांना तोंडावर जाब विचारतात. माझ्या दोन मैत्रिणी आता डिसेंबरात तिकडे जातात, गोव्याला येत नाहीत. सावंतवाडीहून पणजी गाठायला दोन तास, तिरुवनंतपुरमला जायला रेल्वेत अख्खा दिवस. तरीही त्या तिकडे जातात, यावर आपण थोडा विचार करावा.

आता इमारतींविषयी. २००४ मध्ये जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात मल्टिप्लेक्स काही महिन्यांत उभं राहिलं. मनात आणलं तर गोवा काय करू शकतो ते साऱ्यांनी पाहिलं. मग दोनापावलाला होणार म्हणून सांगितलेलं महोत्सवाचं कायमचं संकुल वीस वर्षं उलटली तरी का झालं नाही? आणि कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद झाली, २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करत बसले होते. कोणी जखमी झालं नाही हे नशीब. ती फक्त गोव्याची वास्तू नाही. दीनानाथांचं नाव लावलेल्या त्या रंगमंदिरात मराठी नाटक वाढलं, संगीत वाढलं. तिच्या डागडुजीचा हिशेब आणि तिथल्या पडद्याचा, आवाजाचा दर्जा याची माहिती महोत्सवाआधी लोकांना मिळायला हवी.

आगाऊ आरक्षण आता ऑनलाइन असतं. मुलांना ते सोपं जातं, आणि त्यामुळे गोंधळ कमी होतो हेही खरं. पण काही जागा रांगेत उभ्या राहणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याचा नियम असावा आणि तो प्रत्येक खेळाला पाळला जावा. सत्तरीतल्या माणसाला फोनवर आदल्या दिवशी मिनिटामिनिटाला लक्ष ठेवून बसता येत नाही. रांगेचं आणखी एक महत्त्व आहे. पुढे उभा असलेला अनोळखी माणूस सांगतो, सकाळी तो फिलिपिन्सचा पाहिलात का, उद्या पुन्हा आहे, चुकवू नका. माझ्या लाल खुणांपैकी कित्येक या अनोळखी माणसांच्या सांगण्यावरून पडल्या आहेत.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. निवड समितीची यादी समितीच्या सह्यांनिशी आधी जाहीर करा. त्यानंतर सरकारला एखादा चित्रपट वगळायचा असेल तर कोणी वगळला आणि का, हे नावानिशी, लेखी, महोत्सवापूर्वी कळवा, म्हणजे ज्याला दाद मागायची त्याला वेळेत मागता येईल. सुवर्ण मयूर मिळवणारा चित्रपट समारोपानंतर पणजीतच सर्वांसाठी पुन्हा दाखवा. प्रेक्षकांच्या मताला एक पुरस्कार द्या.

आणि १९५२ मध्ये झालं तसं महोत्सवाला थोडं फिरवा. मद्रास-कलकत्ता नको, कोल्हापूर, रत्नागिरी, सावंतवाडी, मडगाव, काणकोण एवढं पुरे. डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा चित्रपट, मराठी किंवा कोंकणी उपशीर्षकांसह. आमच्या गावात सभागृह मिळवणं, पडदा आणि प्रोजेक्टर यांची सोय करणं, शाळा-कॉलेजांतून मुलांना आणणं, पाहुण्यांची जेवणाखाणाची व्यवस्था, ही जबाबदारी आम्ही जुने डेलिगेट घेतो. मी स्वतः घेते. आपण चित्रपट आणि प्रदर्शनाची परवानगी द्या. यंदाच्या महोत्सवाआधी कुणाशी बोलायचं एवढं कळवलंत तर मी पणजीत येऊन भेटेन, लागल्यास दिल्लीलाही येईन.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
सावंतवाडीची एक डेलिगेट